वितळलेल्या पॉलिमरची 'श्यानता घटवणे' की 'माल पातळ करणे'?

अनुवादक: प्लास्टिक-प्रक्रियेवरच्या पुस्तिकेत वितळलेल्या पॉलिमरची व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, कमी करण्यावर एक प्रकरण आहे. मी 'श्यानता घटवणे' लिहिलं, तपासनिसांनी खोडून 'पातळ करणे' केलं. मला ते खटकतं. पातळ म्हटलं की काहीतरी मिसळल्यासारखं वाटतं. इथे तर नुसतं तापमान वाढवूनही भागतं.

मोल्डिंगवाला: तपासनिसांचं बरोबर आहे. मशीनवर आम्ही 'माल पातळ झाला' असंच म्हणतो. मेण तापवलं की पातळ होतं, त्यात कोण काय मिसळतं?

पॉलिमरप्रेमी: पण या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात. तापवल्याने किंवा मशीनमध्ये माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग वाढवल्याने येणारा पातळपणा तात्पुरता. वेगाने ढकललं की रेणूंच्या साखळ्यांचा गुंता सुटतो, त्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात आणि ढकलणं थांबलं की पुन्हा गुंततात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये पेरॉक्साइड घातलं तर साखळ्याच तुटतात, ते कायमचं. लांब साखळ्यांची व्हिस्कॉसिटी रेणुभाराच्या (साखळी जितकी लांब तितका तो जास्त) सुमारे ३.४ व्या घाताने बदलते, म्हणून रेणुभार निम्मा झाला की ती जेमतेम दहावा हिस्सा उरते. तिसरा प्रकार प्लास्टिसायझरचा, म्हणजे प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या द्रव्याचा, तिथे खरोखरच मिसळणं आहे. पीव्हीसी फार तापवता येत नाही, ते विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड सोडतं. अशा ठिकाणी नुसतं 'पातळ करा' वाचून कोणी तापमान वाढवलं तर?

धातुपाठ: 'श्यान' म्हणजे मुळात थिजलेलं, गोठलेलं. धातू 'श्यै'. वितळलेल्या पदार्थाला श्यानता कशी चिकटवता? 'विष्यंदिता' हा शब्द आहे की आपल्याकडे.

मोल्डिंगवाला: विष्यंद म्हणजे तर पाझरणं, वाहणं ना? मग विष्यंदिता कमी केली की माल वाहायचाच थांबेल!

पॉलिमरप्रेमी: व्हिस्कॉसिटीचं मूळही लॅटिनमधल्या बांडगुळाच्या नावात आहे. त्याच्या फळांचा चीक पक्षी धरायला वापरत. संज्ञा रुळली की मूळ मागे पडतं.

धातुपाठ: इंग्रजीत रुळली. मराठीत श्यानता कुठे रुळली आहे? त्यापेक्षा 'चिकटपणा' बरा, आम्ही शाळेत तोच शिकलो.

अनुवादक: चिकटपणा अजिबात नको. त्याच पानावर माल साच्याला चिकटू नये म्हणून झिंक स्टिअरेट वापरायला सांगितलं आहे. एके ठिकाणी तपासनिसांनी 'घनता'ही केलंय, ती तर वेगळीच राशी.

धातुपाठ: घनता चूकच. मग 'दाटपणा' घ्या.

मोल्डिंगवाला: दाट तर धूरही असतो आणि जंगलही. आम्ही एमएफआय (मेल्ट फ्लो इंडेक्स) वाढला म्हणतो, म्हणजे ठरावीक तापमानाला आणि दाबाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर आला. सरळ 'वाहतेपणा वाढवणे' लिहा.

धातुपाठ: 'वाहतेपणा' हे रूपच मला पटत नाही. 'प्रवाहिता' म्हणा.