पावसाळ्यात रेझिन का फुगतंय?

खानापूरच्या दादांनी विचारलंय की साच्यात रेझिन (ओतून घट्ट होणारं द्रव प्लास्टिक) ओतून केलेल्या ॲम्बेसेडर गाडीच्या १:४३ मॉडेलच्या (खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान) बॉडीचा टप बुडबुड्यांनी भरतो आणि रंग सोलून निघतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी बुडबुडे. ज्या वाटेनं रेझिन ओतता, तिथला जास्तीचा तुकडा कापून आत बघा. ब्रेडसारखी बारीक जाळी दिसली तर कारण ओलावा. आपलं रेझिन पॉलियुरेथेनचं; ते घट्ट व्हावं म्हणून मिसळतो त्या हार्डनरमधला आयसोसायनेट पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रेझिन फुगतं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवाच ओली. म्हणून बाटली उघडली की लगेच घट्ट बंद, आणि सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात. ढवळायला लाकडी काडी नको, लाकूड ओलावा धरतं, प्लास्टिकची घ्या. ओतण्याआधी सिलिकॉनचा साचा ४० अंशांपर्यंत गरम करून पूर्ण सुकवा. साचा कोमट असला की रेझिन लवकर जमतं, तेव्हा हात भरभर चालवा.

आतून घट्ट आणि वर एखाद-दुसराच मोठा खड्डा असेल तर ती अडकलेली हवा. टप खाली येईल असा साचा ठेवा, थोडा तिरका धरून बारीक धारेनं ओता.

आता रंग. तो सुटतो रिलीज एजंटमुळं, म्हणजे बॉडी साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्यामुळं. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश घेऊन बॉडी धुवा. खिडक्यांच्या कडा विसरू नका. सुकल्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच फिरवा, कोरडी धूळ फुफ्फुसात जाते. मग प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर.

आणि चाकं चिकटवण्याआधी माप घ्या: खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २४६४ मिमी, म्हणजे तुमच्याकडं ५७.३ मिमी यायला हवा.