मदत हवी आहे: पेंधर मेट्रो ते ठाणे पूर्व, ज्येष्ठांना झेपेल असा रस्ता कोणता?

नमस्कार मंडळी,

तळोजा, खारघर, बेलापूर या भागात नेहमी ये-जा असणाऱ्यांकडून माहिती हवी आहे. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उलट प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

माझ्या आई-बाबांना सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) सोडतीत तळोज्याला घर लागलं आणि दोघं कोपरीतलं भाड्याचं घर सोडून तिकडे राहायला गेले. घर छान आहे, हवेशीर आहे, लिफ्ट आहे. पण त्यांचं सगळं आयुष्य ठाणे पूर्वेला गेलंय. आईचं भजनी मंडळ कोपरीत, बाबांचे डोळ्यांचे डॉक्टर ठाण्यात, मी आणि नातवंडंही इथेच. भाऊ त्यांच्यासोबत राहतो, पण त्याची शिफ्ट ड्युटी असते. सोडायला-आणायला तो कधी नाही म्हणत नाही, तरी रात्रपाळी करून आलेल्या मुलाला उठवायचं बाबांच्या जिवावर येतं आणि मग ते येणंच टाळतात. दोघांना स्वतःहून निघता यावं, स्वतःहून परतता यावं, एवढीच माझी इच्छा आहे. बाबा पंच्याहत्तरीचे, तब्येत ठणठणीत. आईचे गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर चालते, जिने चढताना थांबत थांबत.

मेट्रोमुळे अर्धं काम झालंय हे खरं. नवी मुंबई मेट्रोच्या या मार्गाचं भूमिपूजन १ मे २०११ ला झालं आणि गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, त्यामुळे ‘मेट्रो येणार’ हे ऐकून ऐकून लोकांचा विश्वासच उडाला होता. आता मात्र बेलापूर ते पेंधर (तळोज्याकडचं शेवटचं स्टेशन) हे अकरा किलोमीटर आई-बाबा गार डब्यात बसून जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये भाडंही उतरलं. शेवटपर्यंतच्या प्रवासाला आधी चाळीस रुपये पडत, आता तीस. बेलापूरहून पुढे ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाणे आणि नवी मुंबई जोडणाऱ्या लोकलने, थेट ठाणे. आमच्या बाजूने तर फारच सोयीचं, कारण ठाण्याला या गाड्यांचे नऊ-दहा नंबरचे फलाट पूर्वेलाच आहेत. दहावरून बाहेर पडलं की कोपरी.

अडतं ते दोन्ही टोकांना. पेंधरला उतरल्यावर सोसायटी चालत जाण्याजोगी नाही, निदान आईसाठी तरी नाही. सकाळी शेअर रिक्षा मिळते. दुपारी मात्र रिक्षा भरेपर्यंत उन्हात उभं राहावं लागतं, नाहीतर पूर्ण रिक्षाचे पैसे द्या म्हणतात, तेही मीटर न टाकता. संध्याकाळनंतर काय परिस्थिती असते ते मला नीट माहीत नाही, आणि भजन संपायला आठ वाजतात. एनएमएमटीची (नवी मुंबई महापालिकेची) बस तिथून सुटते हे ठाऊक आहे, पण तिच्या भरवशावर आईला स्टेशनाबाहेर उभं करावं का? पेंधरऐवजी एक स्टेशन अलीकडे, पेठाली-तळोजाला उतरून रिक्षा घेणं बरं पडेल का? दुसरं टोक बेलापूरचं. लोकलमधून उतरून मेट्रोपर्यंतची चाल गुडघेदुखी असलेल्या माणसाला गर्दीच्या वेळी कितपत जमते, हे रोजच्या प्रवाशांनी सांगावं.

आणखी एक. शेजारच्या काकांनी बाबांच्या डोक्यात भरवलंय की बेलापूरमार्गे जाणं म्हणजे उलटा वळसा. दिवा–पनवेल मेमूने (रेल्वेच्या छोट्या पल्ल्याच्या गाडीने) तळोजा पाचनंद रेल्वे स्टेशनहून दिव्याला जा आणि तिथून ठाण्याला लोकल पकडा. नकाशावर पाहिलं तर काकांचं बरोबर आहे. पण दिव्याच्या गर्दीत आईला चढवायचा विचारही मला करवत नाही. कोणी हा रस्ता ज्येष्ठांसोबत वापरलाय का?

खारघरवासी: ताई, आधी मेमूचं. विचार सोडून द्या. नकाशावर रस्ता जवळचा दिसतो, पण गाड्या दिवसभरात मोजक्याच आहेत आणि एक चुकली की दुसरीसाठी बसून राहावं लागतं. दिव्याला पूल चढून दुसऱ्या फलाटावर जायचं आणि मागून भरून आलेल्या लोकलमध्ये शिरायचं, हे तरुणांनाही कठीण जातं. बेलापूरमार्गे वेळ जास्त गेला तरी बसून जाता येतं.

बेलापूरच्या बदलाबाबत एकच सांगेन, घाई करायची नाही. लोकल रिकामी होऊ द्यावी, मग उतरून सावकाश चालावं. मेट्रो दहा-पंधरा मिनिटांनी असते, एक गेली तर पुढची येते. मेट्रोच्या स्टेशनांत लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, तिकडे त्रास नाही. माझे सासरे गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही असंच जायचे.

आणि आई-बाबांना हे पक्कं सांगून ठेवा की मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला लागत नाही. उत्सव चौक, सेंट्रल पार्क ही स्टेशनं आत खारघरच्या वस्तीत आहेत, रेल्वे स्टेशन सायन–पनवेल महामार्गापाशी. बरेच नवीन लोक लोकलने खारघरला उतरतात आणि मेट्रो शोधत बसतात. मेट्रो आणि लोकल जुळतात त्या बेलापूरलाच.

तळोजेकर: मी पेंधरहून रोज जातो. संध्याकाळी सात ते साडेनऊ रिक्षा मिळतात, कारण त्या वेळी नोकरदार परततात आणि प्रत्येक गाडीमागे एक-दोन रिक्षा लगेच भरतात. तुमच्या आईचं भजन आठला संपत असेल तर ठाण्याहून साडेआठची गाडी धरली तरी पेंधरला येईपर्यंत दहा वाजत येतील. शेवटची मेट्रोही रात्री दहाच्या सुमाराचीच. एखादी लोकल उशिरा आली तर बेलापूरलाच अडकायला होईल. त्या दिवशी आईंनी तुमच्याकडेच मुक्काम केलेला बरा, नाहीतर शेवटची आरती सोडून थोडं लवकर निघावं.

दुपारचा प्रश्न आमच्या सोसायटीत आम्ही असा सोडवला: चार-पाच ज्येष्ठांनी मिळून एका रिक्षावाल्या दादांशी ठरवून टाकलं. बेलापूरला मेट्रोत बसल्यावर त्यांना फोन करायचा, गाडी पेंधरला पोहोचेपर्यंत ते येऊन थांबतात. भाडं आधीच ठरलेलं, वाद नाही. तुमच्या सोसायटीतही असे चार जण नक्की सापडतील. पेठालीला उतरायचं की पेंधरला, हे इमारत कुठल्या सेक्टरमध्ये आहे त्यावर ठरतं. रिक्षावाल्यालाच विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

बसबद्दल: आमचा भाग पनवेल महापालिकेत, आणि बस चालवते नवी मुंबई महापालिका. त्यामुळे फेऱ्या वाढवा म्हणून कोणाच्या दारात जायचं हाच प्रश्न पडतो. तरी आम्ही दोन्हीकडे अर्ज दिलेत. ज्येष्ठांच्या सह्या असतील तर वजन पडतं, तुमच्या बाबांनाही सामील करून घ्या. तोवर एनएमएमटीच्या बस ट्रॅकर अॅपवर गाडी प्रत्यक्ष निघाल्याचं दिसलं तरच स्टेशनाबाहेर थांबावं.

ट्रान्सहार्बरप्रवासी: ठाण्याहून सुटणारी प्रत्येक गाडी बेलापूरला जात नाही, हे आई-बाबांना लिहूनच द्या. काही वाशीच्या, काही नेरूळच्या, काही पनवेलच्या. इंडिकेटरवर पनवेल असेल तरच बसायचं. चुकून नेरूळची पकडली तर नेरूळला उतरून पनवेलकडे किंवा बेलापूरला जाणारी हार्बर मार्गाची (मुंबईहून येणारी) गाडी घ्यायची. वाशीची असेल तर तुर्भ्याला उतरून मागून येणारी पनवेल घ्यायची, कारण वाशीची गाडी तुर्भ्यानंतर वेगळी वळते. संध्याकाळी सहा ते आठ कोपरखैरणे, घणसोलीला भरपूर गर्दी चढते. तुम्ही ठाण्यालाच चढताय, तेव्हा भरलेली गाडी सोडून पुढचीत शांतपणे जागा मिळवावी. आणि लोकलचा पास मेट्रोत चालत नाही, तिकीट वेगळंच काढावं लागतं. तीस रुपये सुट्टे खिशात असलेले बरे.

धागाकर्ती: खूप खूप आभार. ठरवून ठेवलेल्या रिक्षाची कल्पना बाबांना एकदम पटली. त्यांनी मजल्यावरच्या दोन जोडप्यांशी बोलायला सुरुवातही केली आहे, आणि अर्जावर सही करायला ते आनंदाने तयार आहेत. मेमूचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. वाशी, नेरूळ, पनवेल हे सगळं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवलंय. भजनाच्या दिवशी ती माझ्याकडेच राहील, तशी ती मनातून खूशच आहे.

एक शंका उरली. मंडळाचे मोठे कार्यक्रम रविवारी असतात आणि रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद. त्या दिवशी काय करावं?

ट्रान्सहार्बरप्रवासी: ब्लॉक कुठे आहे ते शनिवारच्या वर्तमानपत्रात बघायचं. पनवेल–वाशी दरम्यान असेल तर ठाणे–पनवेल गाड्या साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार बंद असतात, पण ठाणे ते वाशी आणि बहुतेक वेळा नेरूळपर्यंत चालू राहतात. तेव्हा नेरूळपर्यंत यायचं आणि तिथून रिक्षाने बेलापूर. अंतर फार नाही. कार्यक्रम सकाळचा असेल तर अकराच्या आधी ठाणे गाठायचं आणि परतताना चारनंतर निघायचं, म्हणजे मधली धावपळच नको. ब्लॉक ट्रान्सहार्बरवरच, म्हणजे ठाणे–वाशी भागात असेल, तर मात्र त्या रविवारी भावालाच सांगा. शीळफाट्यावरून रिक्षाने जायच्या फंदात पडू नका, तिथले ट्रक आणि ती कोंडी आईंना सोसणार नाही.