दारूखाना म्हणजे काय हो? पोरीने भर रस्त्यात विचारलं

हार्बरवाला_नेरुळ
मंडळी, रविवारी लेकीला घेऊन नेरुळहून लोकलने रे रोडला गेलो होतो, मित्राचं तिकडे भंगार लोखंडाचं गोडाऊन आहे. स्टेशनबाहेर मित्राला फोन करून विचारलं दारूखान्याला कुठून वळायचं, तर लेक (पाचवीत आहे) खणखणीत आवाजात, "बाबा, आपण दारू प्यायला चाललोय?" पानवाल्यासकट सगळे बघायला लागले. मी म्हटलं अगं ती तोफेत भरायची दारू, इंग्रजांच्या काळात इकडे तिचं कोठार होतं. तर लगेच पुढचा प्रश्न, मग तिला पण दारूच का म्हणतात? इथे माझी बोलती बंद. चिनी लोकांनी शोधली एवढं शाळेतलं आठवतं, पण नाव असं का?

खोपटचा_बंड्या
लेकीला माझ्याकडून कॅडबरी द्या 😄 दारू हा फारसी शब्द, मूळ अर्थ औषध. आपण अजून म्हणतोच ना, आजीची दवादारू चालू आहे. पिण्याची पण तीच आणि तोफेची पण तीच.
खरी गंमत पुढे आहे, चिनी भाषेत हिचं नाव हुओयाओ, म्हणजे आगीचं औषध! कारण शोधणारे सैनिक नव्हतेच, ताओपंथी किमयागार होते, अमर व्हायचं औषध शोधत वेगवेगळ्या चिजा एकत्र करून तापवत बसायचे. नवव्या शतकाच्या आसपासच्या एका पोथीत चक्क ताकीद आहे की असलं मिश्रण तापवताना लोकांचे हात-तोंड भाजले आणि घरही जळालं. अमर व्हायला निघाले आणि शोधलं काय तर हे. पुढे १०४४ च्या चिनी युद्धग्रंथात, वूजिंग झोंगयाओमध्ये, दारू बनवायच्या कृती लिहून ठेवलेल्या सापडतात.

कळव्याचे_सर
रिटायर्ड केमिस्ट्रीवाला आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. सोरा, गंधक, कोळसा, बस तीनच गोष्टी, आणि त्यात सोरा सगळ्यात जास्त. कोळसा जळतो, गंधकामुळे ती पटकन पेटते आणि जळायला लागणारा ऑक्सिजन सोऱ्यातूनच मिळतो, म्हणून तोफेच्या नळीत ठासून हवा बंद केली तरी जळते. उघड्यावर नुसती भस्सकन पेटते, कोंडली की वायूला जागा मिळत नाही आणि गोळा बाहेर फेकला जातो. पण निम्म्याहून जास्त वजन वायू न होता राख-धूर होऊन उरतं, त्यामुळे चार तोफा उडाल्या की समोरचं काही दिसायचं नाही. बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय नावाच्या केमिस्टने काढली तेव्हा कुठे सुटका झाली. आणि आपल्या कोकणच्या पावसात तर ही पोह्यांसारखी सादळायची, म्हणून किल्ल्यांवर दारूकोठार एवढं जपायचे.

वाशी_सेक्टर_१७
सर, सोरा म्हणजे भिंतीवर पांढरं येतं तेच का? आमच्या बिल्डिंगला सगळीकडे लोणा लागलाय, सेक्रेटरी लक्षच देत नाही 😂

कळव्याचे_सर
तुमचा बहुतेक सिमेंटमधला क्षार असणार, त्याने लढाई होणार नाही. सोरा गोठ्याजवळच्या, शेणामुताने मुरलेल्या मातीत तयार होतो, जंतू ते काम करतात. बिहारमध्ये नोनिया लोक अशी माती खरवडून, पाण्यात विरघळवून, उकळून सोरा काढायचे आणि डच, इंग्रज दोघेही पाटण्याहून तो जहाजं भरून युरोपला न्यायचे. मसाले-मलमलीचं सगळ्यांना माहीत असतं, गोठ्यातल्या मातीचं कुणी सांगत नाही.

खोपटचा_बंड्या
एक राहिलंच. ही गोष्ट आपल्या अंगणातली पण आहे. ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, तिथे आता सेंट्रल जेल आहे, आपण रोज बाजूने जातो आणि ढुंकून बघत नाही. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, तट तोफांना दाद देईना म्हणून बुरुजाखाली सुरुंग खणले, त्यात दारू ठासून तो उडवला आणि मे महिन्यात वसई पडली. त्यामुळे दारूखाना ऐकून लाजू नका साहेब.

हार्बरवाला_नेरुळ
सगळ्यांचे आभार, लेकीला सगळं वाचून दाखवलं. परिणाम असा की आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या डब्यावर आता स्केचपेनने ठळक "दारूखाना" लिहिलंय. आजी दुपारी भजनाला गेली आहे, अजून बघितलं नाहीये.