'नेमावाशी'ला मराठी शब्द काय?

अनुवादिनी
एक शब्द अडलाय. जपानी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कारखानदारांसाठी एक पुस्तिका मराठीत करतेय. 'रिंगी', म्हणजे मंजुरीसाठी टेबलोटेबली फिरणारा कागद, त्याला 'फिरती टिपणी' केलं, ते चालून गेलं. गाडी अडलीय 'नेमावाशी'वर. बैठकीत प्रस्ताव मांडण्याआधी ज्याचा ज्याचा त्याच्याशी संबंध येतो त्या प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, शंका ऐकायच्या, कागदात फेरफार करायचे आणि मगच बैठकीला जायचं, अशी ती रीत. मी 'मोर्चेबांधणी' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी लाल रेघ मारून शेजारी लिहिलं, 'आपण किल्ला घेतोय का?' सर अनेक वर्षं पुण्यात जपानी शिकवून निवृत्त झालेत, त्यामुळे हुज्जत घालायची सोय नाही. सुचवा.

फिरकी
फिल्डिंग लावणे. विषय संपला.

अनुवादिनी
फिरकी, तेच आधी सुचलं होतं. पण 'त्याने साहेबाकडे फिल्डिंग लावलीय' म्हटलं की साहेबाच्या घरी मिठाईचा पुडा पोचलेला दिसतो. जपानी माणूस हे राजरोस करतो, न करणं हाच उद्धटपणा. आधी न सांगता बैठकीत एकदम काही पुढ्यात टाकलंत तर समोरच्याची पंचाईत होते. चारचौघांत त्याला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

खोकेवाला
शब्द माहीत नाही, पण न केल्याचा दाखला माझ्याकडे आहे. लाकडी खोक्यांऐवजी परत वापरता येतील असे प्लास्टिकचे क्रेट, असा माझा प्रस्ताव. प्रोजेक्टर लावून वीस मिनिटं बोललो. समोरचे सहाही जण माना डोलवत 'हाय, हाय', म्हणजे त्यांचं 'हो, हो', करत होते. शेवटी मोठ्या साहेबांनी दातांतून 'स्स्स' करत श्वास आत ओढला आणि म्हणाले, 'केन्तो शिमासु'. दुभाष्याने सांगितलं, 'विचार करतो म्हणतात.' मी खुशीत, दोनशे क्रेटचे आगाऊ पैसे भरून मोकळा! क्रेट अजून शेडमध्ये आहेत, बायको त्यात कांदे ठेवते. नंतर कळलं, त्यांच्या गोदामातल्या रॅकची उंची क्रेटपेक्षा दोन इंचांनी कमी होती. गोदाम सांभाळणारा माणूस त्या सहा जणांत होता आणि त्याने सगळ्यात जास्त माना डोलवल्या होत्या. त्याला आदल्या आठवड्यात चहाच्या वेळी गाठला असता तर त्यानेच टेप लावून दाखवली असती. आता मी आधी एकेकाच्या 'कानावर घालतो'. ताई, हाच शब्द घ्या की.

शुद्धमती
कानावर घालणे एकतर्फी आहे. घातलं, झालं. ऐकून घेणं त्यात कुठे आलं? 'ने' म्हणजे मूळ, 'मावाशी' म्हणजे भोवती फिरणं वा फिरवणं. सरळ 'मूलपरिक्रमा' करा.

फिरकी
नर्मदा परिक्रमेनंतर मूलपरिक्रमा. काठी आणि कमंडलू कंपनी देणार का?

शुद्धमती
टिंगल सोपी असते. ठीक आहे, संस्कृत नको तर 'मशागत' घ्या. अस्सल मातीतला शब्द.

दप्तरदार
अस्सल अरबी मातीतला! मशक्कत, म्हणजे कष्ट, त्याची आपण मशागत केली. मला चालतो, पण शुद्धमतींनी सुचवावा याची गंमत वाटली.

रोपवाटिका
अरबी असो वा मराठी, मशागत इथे बसतच नाही. मशागत जमिनीची. नेमावाशी हा माळीकामातला शब्द आहे आणि ते काम झाडावर करायचं असतं. मोठं झाड हलवायचं ठरलं की वर्षभर वगैरे आधी बुंध्याभोवती गोल चर खणतात, काही मुळं तोडतात, झाड उभं राहण्यापुरती जाड मुळं ठेवतात आणि माती परत लोटतात. तोडलेल्या टोकांना नवी तंतुमुळं फुटतात. मग झाड उचललं की ती मुळं माती धरून ठेवतात आणि नव्या जागी लगेच पाणी ओढतात. रस्तारुंदीत आपल्याकडे काय करतात? सकाळी जेसीबी, दुपारी क्रेन, आणि दोन महिन्यांनी खराटा. म्हणजे यात नुसतं गोंजारणं नाही, तोडणंसुद्धा आहे. तुमच्या प्रस्तावाची काही मुळं आधीच तोडून घ्यायची असतात.

अनुवादिनी
रोपवाटिका, हे पुस्तिकेत जसंच्या तसं टाकू का? पण शब्द?

दप्तरदार
नेमावाशीचं माहीत नाही, पण तिच्यानंतरच्या बैठकीला शब्द तयार आहे. शिक्कामोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वर मुद्रा असे, 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ती, आणि मजकूर संपला की शेवटी 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. त्याच्याखाली कुणाला काही घुसडता येऊ नये म्हणून. जपानी बैठक म्हणजे हे मोर्तब, मजकूर आधीच झालेला. आणि ताई, रिंगीला 'फिरती टिपणी'पेक्षा जुन्या अर्थाने 'मखलाशी' घ्या. कागदावर मंजुरीचा शेरा म्हणजे मखलाशी, पेशवे दप्तरात पावलोपावली.

अनुवादिनी
आज मखलाशी म्हणजे गोड बोलून बाजू सावरणं. कारखानदार काय समजतील?

ओसाकाकर
रिंगीच्या कागदावर खालच्या माणसापासून वरपर्यंत हानकोचे, म्हणजे शिक्क्यांचे चौकोन असतात. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने मला शिकवलं, तुझा शिक्का डावीकडे जरासा झुकवून मार, म्हणजे तो साहेबाच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. सगळीकडे पाळत नाहीत, पण आहे. २०२० मध्ये मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कामातून हानको हटवायला घेतला, तेव्हा मला पहिली आठवण त्या झुकण्याची आली.
आणि खोकेवाले, 'हाय' म्हणजे दर वेळी होकार नव्हे. त्याला आइझुची म्हणतात. ऐरणीवर दोन लोहार आळीपाळीने घाव घालतात, त्यातला दुसऱ्याचा हातोडा तो.

मामलेदारीणबाई
म्हणजे आपला हुंकारा! आजी गोष्ट सांगायची आणि हुं हुं थांबलं की गोष्ट थांबायची. हुंकारा दिला म्हणजे गोष्ट खरी मानली असं नव्हे.
'केन्तो शिमासु'लाही आपल्याकडे शब्द आहे. 'कळवतो'. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या एका मंडळींनी कांदेपोहे दोनदा मागून घेतले आणि जाताना 'कळवतो' म्हणाले. वडील जिना उतरून वर आले आणि पुढचं स्थळ शोधायला लागले. पंधरा दिवसांनी पत्र आलं, पत्रिका जुळत नाही. ही झाली तातेमाए, चारचौघांत दाखवायची बाजू. होन्ने, म्हणजे मनातलं खरं, काय ते त्यांना माहीत.

फिरकी
बाई, पत्रिका आमच्याही कधी जुळल्या नाहीत.

दप्तरदार
सातोंचा किस्साही सांगतात. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी जपानी कापडाच्या निर्यातीवर अडवल्यावर जपानचे पंतप्रधान सातो 'झेन्शो शिमासु' म्हणाले, म्हणजे आपलं 'बघू', आणि अमेरिकेने तो शब्द दिला असं धरलं. मला तो किस्सा जरा जास्तच गोळीबंद वाटतो, पण प्रत्येक दुभाष्याला पाठ असतो.

शुद्धमती
विषयावर या. 'मतजुळणी' कसा वाटतो?

खोकेवाला
पत्रिकेसारखा.

अनुवादिनी
मला शुक्रवारी पानं द्यायचीत. सध्या 'नेमावाशी'च ठेवलाय आणि खाली रोपवाटिकांचं झाड. सर म्हणाले, 'केन्तो शिमासु.' ते हसत होते की नाही, फोनवर कळलं नाही.

रोपवाटिका
एक दुरुस्ती. मी 'चर' लिहिलं, तिथे 'आळं' करू नका. आळं पाण्यासाठी असतं, उथळ.

मामलेदारीणबाई
आमच्याकडे कोकणात माडाचं आळं चांगलं हातभर खोल असतं हो. उथळ कुठलं?

रोपवाटिका
माड वेगळा. त्याला मुळात जाड मुळंच नसतात.