उत्तर: सिरीज टर्मिनेशनची किंमत आणि ती कुठे मोजायची

टोकावरून परत येणारं परावर्तन शोषायला ड्रायव्हरपाशी (सिग्नल पाठवणाऱ्या चिपपाशी) ओळीत एक रेझिस्टर लावतात, ते सिरीज टर्मिनेशन. सर्किट बोर्डवरचा ट्रेस (सिग्नल वाहणारी तांब्याची रेघ) ५० ओहमचा आहे म्हणून हा सिरीज रेझिस्टरही ५० चाच लावायचा, हे या चर्चेत वर मांडलेलं गणित मला पटत नाही. ड्रायव्हरचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा अंतर्गत विरोध) त्यातून वजा व्हायला हवा. तो १७-१८ ओहम असेल तर ३३ चा रेझिस्टर बसतो, २८ च्या आसपास असेल तर २२ चा. डेटाशीटमध्ये हा आकडा बहुतेकदा सरळ सापडत नाही. आयबिस मॉडेलमधल्या (चिपच्या पिनांचं विद्युत वर्तन सांगणारी फाइल) व्होल्टेज-करंट वक्राच्या उतारावरून काढावा लागतो. शिवाय हाय आणि लो स्थितीत तो वेगळा असतो, तापमानाबरोबरही सरकतो. त्यामुळे दशांशापर्यंत काटेकोर हिशोबात अर्थ नाही. रेझिस्टर मात्र ड्रायव्हरच्या पिनला अगदी खेटूनच हवा.

इथे अजून कुणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे ऑसिलोस्कोपचा प्रोब कुठे लावायचा. सिरीज टर्मिनेशनमध्ये लाइनवर आधी अर्धंच व्होल्टेज निघतं आणि टोकावरून परावर्तन आल्यावर पूर्ण होतं. एफआर-४ वर (बोर्डाचं नेहमीचं मटेरियल) १५० मिलिमीटरला साधारण १ नॅनोसेकंद धरा. म्हणजे तेवढ्या लांबीच्या ट्रेसवर, जाऊन-येऊन धरता, रेझिस्टरपाशी ३.३ व्होल्टच्या सिग्नलमध्ये १.६५ वर जवळपास २ नॅनोसेकंदांची सपाट पायरी दिसेल. ती बघून बरेच जण रेझिस्टर बदलत बसतात. रिसीव्हरच्या पिनवर बघा, तिथे कड स्वच्छ असते. पण त्याच क्लॉकवर मधेच दुसरी चिप लटकवली असेल तर ती पायरी तिला खरोखरच दिसते, तीही नेमकी थ्रेशोल्डपाशी (जिथे चिप ० की १ ठरवते ती पातळी). तिथे सिरीज सोडा, टोकाला थेवेनिन (एक रेझिस्टर सप्लायला, एक ग्राउंडला) लावा.