बागेतला लाकडी गझेबो पावसाळ्याआधी कसा वाचवायचा? (बजेट आठ हजार)

कळंबा_कट्टा :
मंडळी, घरामागं १० बाय १० चा गझेबो आहे, म्हणजे खांबांवरचा उघडा मांडव. लाकूड ऑस्ट्रेलियन बाभळीचं, वर मंगळुरी कौलं. पाच वर्षं झाली. दर दिवाळीत वॉर्निश मारतो, तरी श्रावणात पापुद्रे सुटतात आणि खाली काळे डाग. काल एका खांबाच्या बुडाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर चहातल्या बिस्किटात जावा तसा अर्धा इंच आत गेला. शिवाय मधुमालतीचा वेल कौलांपर्यंत चढलाय. मृगाला तीन आठवडे उरलेत. काय लावू? आठ हजारांच्या वर जाणार नाही, आधीच सांगतो.

नववी_गल्ली :
मूळ चूक लाकडात आहे. सागवान घ्यायचं होतं. आमचा सागवानी झोपाळा आजोबांच्या वेळचा, अजून कुरकुरत नाही. टिंबर मार्केटला ओळख काढा, जुन्या वाड्याच्या तुळया मिळतात. साठ-सत्तर हजारांत नवा उभा राहील.

कळंबा_कट्टा :
साहेब, आठ हजार.

पन्हाळा_रोड :
लाकडाचा नादच सोडा. एम.एस. म्हणजे साध्या लोखंडाचे पाईप, वर पत्रा, रेड ऑक्साईडचा हात. विषय संपला.

गगनबावड्याचा_पाऊस :
कुठला संपतोय? आमच्या पाईपा आतनं गंजून चाळण झाल्या, बाहेरनं रंग झ्याक! लाकूडच बरं. फक्त ताडपत्रीनं गुंडाळू नका. मी जूनला घट्ट बांधली ती गणपतीत सोडली, तर आत आढ्याला अळंब्या. बायको म्हणाली, भाजी करू का?

रंधा_आणि_पटाशी :
घरात सुतारकाम आहे म्हणून सांगतो. दिवाळीला लाकडाच्या पोटात पावसाचं पाणी असतंय. त्यावर वॉर्निश म्हणजे ओल आत कोंडली. वर उन्हानं वॉर्निशला बारीक चिरा पडतात, त्यातनं आणखी पाणी जातं. म्हणून काळे डाग. हे काम फेब्रुवारी ते मे मधलं. आत्ता ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं जुनं सगळं काढा, मग १२० चा हात. वळवाची सर आली तर पुढं तीन-चार कडक उन्हं खाऊ द्या, मगच लाकडात मुरणारं तेल, जवसाचं वगैरे.
आणि आधी खांब बघा. ते थेट कोब्यावर टेकलेत का? मग कापलेलं तोंड खालनं पाणी ओढतंय, वर काहीही फासा. छताला जॅक लावून कुजकं चार-पाच इंच कापा, खाली जी.आय.चा शू, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची बैठक बसवा, कोब्यापासून दोन बोटं वर. कापलेल्या तोंडाला तेल पिईल तेवढं पाजा.

पन्हाळा_रोड :
म्हणजे शेवटी लोखंडच.

शिरोलीकर :
तेल कशाला, पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारा. माझ्या दाराला चार वर्षं झाली, आरसा आहे आरसा.

रंधा_आणि_पटाशी :
दार पोर्चमध्ये आहे ना? पीयू चांगलंच, पण एकदा तडकलं की सगळं घासून काढावं लागतंय. तेलाला ते नाही, दर उन्हाळ्यात धुवायचं आणि एक हात द्यायचा. लाकडावर पाणी शिंपडून बघा : थेंब उभे राहिले तर तेल जिवंत आहे, जिरलं तर वेळ झाली. मेलामाईन पॉलिश मात्र बाहेर कुणी मारू नका.

गंगावेस_तालीम :
जळकं ऑईल मारा भावा. फुकट. वाळवीचा बाप फिरकत नाही.

नववी_गल्ली :
आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या लेंग्याचं काय? सागवान घेतलं असतं तर हे काहीच लागलं नसतं.

बावडेकर :
२०१९ च्या पुरात आमचा गझेबो चार दिवस पाण्यात होता. काही झालं नाही. लाकूड लाकूड असतंय.

शिरोलीकर :
२०२१ ला पाणी जास्त होतं.

बावडेकर :
आमच्या दारात २०१९ लाच जास्त.

शिरोलीकर :
पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर २०२१ ला पाण्यानं ५६ फूट ओलांडलं होतं. धोका पातळीच ४३ ची.

बावडेकर :
बंधाऱ्यावर राहता का तुम्ही?

रंधा_आणि_पटाशी :
वेल तेवढा उतरवा. पानाखाली लाकूड सुकत नाही. आणि जवसाचं तेल लावलं तर पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर पसरून वाळवा. आमच्या शेडमध्ये एकदा नुसता धूर झाला, त्यावर निभावलं.

कळंबा_कट्टा :
मंडळी, झालं ते सांगतो. चारही खांब कापून शू बसवले, वेल्डर आणि सुतार धरून ५,२०० गेले. दोन खांब आतनं भुसा होते, वेळेत बघितलं. तेल आणायला निघालो तर आई म्हणाली, हिरवा ऑईल पेंट मार, माहेरच्या सोप्याला होता तसला. मारला. वेल तिनंच लावलाय, त्यामुळं तोही राहिला.

रंधा_आणि_पटाशी :
ऑईल पेंट?! पेपर तरी मारला का आधी?

कळंबा_कट्टा :
जिथं हात पोचला तिथं.

उचगाव_नवीन :
धागा पूर्ण वाचला नाही, पण सागवान बघा.