बंगालच्या स्वाऱ्या : समोरच्या बाजूने इतिहास वाचावा का?

परतवाड्याचा वाचक (धागाकर्ता)
नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर चालून गेल्या आणि 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दी खान याने ओडिशाचा महसूल व वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली, हे आम्ही वऱ्हाडातली माणसे अभिमानाने सांगतो. याच स्वारांना बंगालमध्ये बर्गी म्हणत आणि तिथल्या अंगाईत आजही त्यांचा धाक घातला जातो. पाखरांनी धान खाल्ले, आता खंडणी भरायची कशाने, असा त्या अंगाईतला प्रश्न आहे. पीक बुडाल्यावर देणे कसे फेडायचे, हे ज्या मुलखाला सांगावे लागत नाही, त्या मुलखाने तरी हा प्रश्न ऐकून घ्यावा, असे माझे मत आहे.

काटोलकर
मुद्दा एकांगी आहे. रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना अलीवर्दीने 1744 मध्ये मानकरा येथे बोलणी करण्यासाठी बोलावून सरदारांसह कापून काढले, हे आपण गाळले. चौथाईसाठी मुलूख लुटणे ही त्या काळाची रीतच होती आणि त्या रीतीतून कोणतीही फौज सुटलेली नाही. मग आरोपीच्या पिंजऱ्यात एकटे नागपूरच का? शिवाय ज्याचे घर जळाले तो तोलून मापून लिहील, ही अपेक्षाही भाबडी आहे.

परतवाड्याचा वाचक
दगा झाला, यात वाद नाही. पण स्वारी त्याच्या दोन वर्षे आधीची आहे. मानकरा येथे सरदार मारले गेले. गंगाराम या बंगाली कवीने जे पळताना दाखवले आहेत, ते पोथ्यांचे ओझे घेतलेले पंडित, तराजू घेतलेले सोनार आणि जाळी घेतलेले कोळी आहेत. बरे, हा कवी नवाबाचा भाटही नव्हे. बंगालच्या लोकांच्या पापामुळेच मराठे आले, असे तोच सुरुवातीला म्हणतो.

तेल्हारा तालुक्यातून
आमच्याकडच्या अडगावला 29 नोव्हेंबर 1803 रोजी भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. ती आज आपण वाचतो ती बहुतांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या पत्रांवरून, म्हणजे शत्रूच्याच लेखणीतून. मराठ्यांच्या तोफा सुरू होताच स्वतःच्याच शिपायांच्या पलटणी मागे पळाल्या आणि त्यांना पुन्हा उभे करावे लागले, हे तोच लिहितो. भोसल्यांच्या तोफखान्याची याहून चांगली साक्ष माझ्या वाचनात नाही. तेव्हा समोरच्याचे वाचल्याने आपले नेहमी कमीच होते, ही भीती काटोलकरांनी सोडावी.

काटोलकर
भीती नाही, हिशेबाची अपेक्षा आहे. वेलस्लीचे जिथे जमते तिथे घ्यायचे आणि भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्यावर त्याच्या फौजेने केलेली कत्तल विसरायची, असे होऊ नये.

राजुऱ्याहून
आपण सारे बंगाल आणि इंग्रजांपर्यंत जाऊन आलात. पण चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, नाव कोणी काढले नाही. देवगडच्या गोंड राज्याच्या राणीने वारसाच्या भांडणात मदतीला बोलावलेले रघूजी पुढे त्या राज्याचेच धनी झाले आणि त्यानंतर चांद्याचे गोंड राज्यही भोसल्यांकडे गेले. आमच्या तालुक्यात गोंडांची गावे आहेत. चांद्याचा परकोट आणि गोंड राजांच्या समाध्या अजून उभ्या आहेत. बंगालची बाजू निदान लिहिलेली तरी सापडते. इथली बाजू ऐकायची असेल तर पुस्तक मागवून भागणार नाही, शेजारच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन बसावे लागेल, आणि त्याला काटोलकरांचीही हरकत नसावी.